एका आण्याची नायिका

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीच्या ग्रंथमालेचा, अहमदनगर जिल्ह्याचा खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. जून २०२१ मधल्या एका रविवारी मी त्या खंडाची संगणकावरची पाने चाळत होते, ती आजोळच्या गावाचा कुठे उल्लेख सापडतो का, एवढ्याच उत्सुकतेने. गाव सापडले नाही. सापडले ते १८७६–७७ च्या दुष्काळात सरकारने काढलेल्या कामांवरचे मजुरीचे दर: पुरुषाला दिवसाला दोन आणे, बाईला दीड आणा आणि काम करू शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एक आणा. त्यातल्या ‘किंवा मुलीला’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. रस्त्याच्या खडीसाठी दगड फोडणारी किंवा रेल्वेच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहणारी दहा-बारा वर्षांची मुलगी शेकडो पानांच्या त्या ग्रंथात फक्त एक दर म्हणून उरली होती.

डिसेंबर २०२४ मध्ये त्या मुलीवरची माझी कुमार-कादंबरी छापून आली. मी बँकेत नोकरी करते, हे माझे पहिलेच पुस्तक आहे, आणि सुरुवात केली तेव्हा प्रकाशनव्यवसायातला एकही माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. त्या साडेतीन वर्षांत कुठे काय विचारावे हेच कळत नसल्यामुळे माझा जो वेळ गेला, तो दुसऱ्या कोणाचा जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पुस्तकाचे आणि प्रकाशकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण या मजकुराची जाहिरात व्हावी असे मला वाटत नाही.

पहिले सहा महिने मी एक ओळही लिहिली नाही. अहमदनगरच्या पाठोपाठ पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांचे खंड वाचले. हे जुने खंड संगणकावर फुकट वाचता येतात आणि त्यांची स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपलेली असल्यामुळे त्यांतला मजकूर निर्धास्तपणे वापरता येतो. मात्र ते सरकारने लिहून घेतलेले आहेत, हे वाचताना सतत लक्षात ठेवावे लागते. जानेवारी १८७७ मध्ये मजुरीचे दर उतरवले गेले, घराजवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर जायला सांगितले गेले, आणि अनेक ठिकाणच्या मजुरांनी कामावर जायचेच नाकारले. ही हकिगत गॅझेटिअरमध्ये एका सुरात येते, तर लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच काळात सरकारला पाठवलेल्या पत्रांत आणि अहवालांत वेगळ्या सुरात. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये जुन्नर भागातून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला दुष्काळ आणखी वेगळा आहे, कारण तो पायी फिरून पाहिलेला आहे. एकाच दुष्काळाबद्दलचे हे तीन प्रकारचे कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचत असे.

याच काळात मी एक साधे गणित केले, आणि पुढे सगळी कादंबरी त्याच्यावर उभी राहिली. रुपयाचे सोळा आणे. धान्य रुपयाला सोळा पौंड या भावापर्यंत महागले, तर एका आण्यात एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम ज्वारी येते. धान्य त्याहून महाग झाले की मजुरी धान्याच्या भावाशी जोडायची, असा नियम होता. म्हणजे माझ्या नायिकेच्या दिवसभराच्या श्रमाचे मोल साडेचारशे ग्रॅमच्या आसपास घुटमळत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन तेवढी ज्वारी मोजली, एका पिशवीत भरली आणि ती पिशवी पुढची तीन वर्षे लिहिण्याच्या टेबलावर राहिली.

मूळ कागदपत्रे पाहावीत म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन दिवसांची रजा काढून मी एका अभिलेखागारात गेले. अर्जासोबत ओळखपत्राची प्रत आणि एखाद्या संस्थेचे शिफारसपत्र हवे होते, आणि मी तर कोणत्याच संस्थेची नव्हते. पहिला दिवस त्यातच गेला. अखेर महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने विभागाच्या छापील कागदावर चार ओळी लिहून पाठवल्या, तेव्हा प्रवेश मिळाला. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी शिफारसपत्र घरून निघण्यापूर्वीच मिळवावे, टोक काढलेल्या दोन-तीन पेन्सिली जवळ ठेवाव्यात (शाईचे पेन आत नेऊ देत नाहीत) आणि कोणत्या सालाची, कोणत्या खात्याची दप्तरे हवी आहेत ते आधीच लिहून न्यावे. फायली आणून देणारे काका पहिल्या दिवशी म्हणाले, “बाई, दुष्काळाच्या फायली कोणी मागत नाही. लोक जमिनीच्या मागतात.” तीन दिवसांत मी सात फायली पाहिल्या. त्यांत मैलांचे हिशेब होते, खडीच्या ढिगांची मापे होती, कामावरच्या माणसांचे आकडे होते. मुलीचे नाव एकही सापडले नाही. परतीच्या गाडीत मला फार निराश वाटत होते. ते नाव नसणे हाच माझा विषय आहे, हे कळायला आणखी वर्ष जावे लागले.

पहिला खर्डा मी फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२२ या काळात, रोज पहाटे पाच ते साडेसहा लिहून, पूर्ण केला. तो ५८,००० शब्दांचा झाला आणि आज वाचताना मला त्याची लाज वाटते. नायिकेचे नाव मी तेजस्विनी ठेवले होते. ती बारा वर्षांची, निरक्षर मजुराची मुलगी असूनही गोऱ्या साहेबाच्या तंबूसमोर उभी राहून अन्याय, समता आणि स्त्रियांचे हक्क यांवर अडीच पाने बोलत होती. दोन प्रकरणे ती घोड्यावर होती. घोडा दुष्काळात काय खात होता, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

हा खर्डा मी आमच्या शाळेतल्या मराठीच्या निवृत्त बाईंना वाचायला दिला. बाईंनी तो पाच आठवडे ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा साहेबासमोरच्या त्या भाषणाशेजारी पेन्सिलीने लिहिले होते: “ही मुलगी १८७७ मधली आहे की काल संध्याकाळची?” मी रागावले. मुलींना कणखर नायिका हव्यात, आणि मी ती दिली आहे, असा युक्तिवादही मी फोनवर केला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “अगं, तुझी तेजस्विनी कणखर नाही, ती सुरक्षित आहे. तिचं काहीही वाकडं होणार नाही हे तुला आधीच ठाऊक आहे, म्हणून ती एवढी बोलते.”

त्यानंतर दोन महिने मी खर्ड्याला हात लावला नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा बसले तेव्हा पहिल्यांदा नाव बदलले. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला नजर लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवण्याची रीत होती. त्या रीतीने माझी नायिका धोंडा झाली. मग तिला काय करता येणे शक्य होते, याचा विचार केला. तिला वाचता येत नव्हते. साहेबाशी बोलणे तर सोडाच, मुकादमाकडे मान वर करून पाहणेही अवघड होते. पण तिला मोजता येत होते. वाहिलेल्या दर दहा पाट्यांमागे ती पदराच्या काठातून ओढलेल्या दोऱ्याला एक गाठ मारते. मुकादमाच्या हजेरीत चाळीस पाट्या लिहिल्या जातात आणि तिच्या दोऱ्यावर चार गाठी व वर सहा पाट्या असतात. रोजच्या त्या सहा पाट्या कुठे जातात, हे ती प्रथम आईला विचारते, मग शेजारच्या दगडावर बसणाऱ्या म्हातारीला, आणि मग ती म्हातारीही गाठी मारू लागते. शेवटी सार्वजनिक सभेच्या वतीने माहिती गोळा करायला आलेला एक गृहस्थ विचारतो की मजुरी नेमकी किती दिवस आणि किती कमी मिळाली. तेव्हा सांगता येण्यासारखा आकडा सगळ्या कामावर फक्त या बायकांच्या दोऱ्यांवर असतो. तो आकडा अर्जात जातो. धोंडाचे नाव जात नाही. हा गृहस्थ आणि हा अर्ज माझ्या कल्पनेतले आहेत, हे पुस्तकाच्या शेवटी मी स्पष्ट लिहिले आहे. मुलांसाठी लिहिताना खरे कुठे संपते आणि रचलेले कुठे सुरू होते, हे त्यांना सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

दुसरा खर्डा ३४,००० शब्दांचा झाला. त्यातही चुका होत्याच. धोंडाचा मामा नगरहून आगगाडीने येतो, असे मी सरळ लिहून टाकले होते. दौंड–मनमाड हा लोहमार्ग, ज्याचे मातीकाम दुष्काळी मजुरांनीच केले, तो वाहतुकीला खुला झाला १८७८ मध्ये. म्हणजे जो भराव माझी नायिका डोक्यावरून माती वाहून घालते आहे, त्याच भरावावरून मी तिच्या मामाला वर्षभर आधी गाडीत बसवून आणले होते. तेव्हापासून मी एक वही केली. डाव्या पानावर कथेतला प्रसंग, उजव्या पानावर त्याची तारीख आणि त्या दिवशी जगात काय होते व काय नव्हते. शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती फार उपयोगी पडली. एखादा शब्द पात्राच्या तोंडी शोभेल का, अशी शंका आली की तो या कोशात शोधायचा. सापडला नाही तर लगेच काढायचा असे नाही, पण दुसरा शब्द आठवून पाहायचा. कोश संगणकावर उपलब्ध आहे आणि त्यात शोध घेता येतो.

धोंडाच्या लग्नाचा प्रश्न मी बराच काळ टाळला. त्या काळातली बारा वर्षांची मुलगी बहुधा लग्न झालेलीच असणार. ते लपवावे तर काळ खोटा होतो, सांगावे तर आजच्या मुलांपुढे ते कसे मांडावे, हे कळत नाही. शेवटी तिचे लग्न झालेले आहे, सासरी अजून धाडलेले नाही, आणि दुष्काळामुळे सासरचे लोक गाव सोडून कुठे गेले याचा पत्ता नाही, असे ठेवले. ती त्यावर चिडत नाही किंवा भाषण देत नाही, एकदाच विचारते, “ते परत आलेच नाहीत, तर मी कोणाची?” आणि आई उत्तर देत नाही. पाणवठ्यावर जातीप्रमाणे वेगळे उभे राहण्याचा प्रसंगही ठेवला. पुढे एका प्रकाशकाने हे दोन्ही प्रसंग काढण्याची अट घातली होती. ती मी मानली नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२३ मधल्या पाच शनिवारी मी एका शाळेत, मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी घेऊन, सातवीच्या ३१ मुलांना खर्डा वाचून दाखवला. या अनुभवकथनातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला हाच आहे: छापण्यापूर्वी मुलांना वाचून दाखवा, आणि वाचताना कागदाकडे कमी, मुलांकडे जास्त पाहा. मुले चुळबुळ करू लागली की मी समासात रेघ ओढत असे. घरी येऊन पाहिले तर बहुतेक रेघा मी अभिमानाने लिहिलेल्या निसर्गवर्णनांपाशी होत्या. दुसऱ्या शनिवारी एका मुलाने विचारले, “एक आणा म्हणजे किती रुपये?” माझ्याकडे तळटीप तयार होती, पण मुले तळटीप वाचत नाहीत, हे आता मला माहीत झाले होते. पुढच्या शनिवारी टेबलावरची ती ज्वारीची पिशवी वर्गात नेली आणि सांगितले की दिवसभर दगड फोडल्यावर धोंडाला एवढे मिळते. पिशवी हातोहात फिरली. मागच्या बाकावरच्या मुलीने ती तळहातावर तोलून पाहिली आणि विचारले, “ही एकटीची, की घरातल्या सगळ्यांची?” हा प्रश्न मी जसाच्या तसा धोंडाच्या धाकट्या भावाच्या तोंडी घातला. आजीच्या मृत्यूचे प्रकरण वाचताना मात्र दोन मुली रडल्या आणि मी गोंधळून गेले. उपासमार मुलांना किती दाखवावी, याचे प्रमाण तोपर्यंत मला सापडले नव्हते. नंतर ते प्रकरण मी नऊ पानांवरून तीन पानांवर आणले. मृत्यू तसाच आहे, पण आता तो सकाळी उठल्यावर कळतो.

मे २०२३ मध्ये मी पाच प्रकाशकांना पहिली तीन प्रकरणे, एका पानाचा सारांश आणि कोणत्या वयाच्या वाचकांसाठी पुस्तक आहे हे सांगणारे पत्र पाठवले. एकाचे उत्तर आजवर आलेले नाही. एकाने ६५,००० रुपये भरल्यास तीनशे प्रती छापून देऊ असे कळवले. एकाने चार महिन्यांनी फोन करून लेखन आवडल्याचे सांगितले, पण नायिका राणी किंवा सरदारकन्या करता येईल का, अशी विचारणा केली. शाळांच्या ग्रंथालयांत अनोळखी मजूर मुलीचे पुस्तक कोण घेणार, हा त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता आणि तो अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. लग्नाचा आणि पाणवठ्याचा प्रसंग काढायला सांगणारे चौथे. पाचव्या प्रकाशन संस्थेचा होकार ९ नोव्हेंबर २०२३ रोजी आला. या सहा महिन्यांत मी रोज दुपारी टपाल आणि रात्री ईमेल पाहत असे, आणि घरच्यांनी विचारायचे सोडून दिले होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे आणि बालवाङ्मय हा तिच्यातला एक प्रकार आहे. तिची मुदत मी केवळ दुर्लक्षामुळे हुकवली. पहिले पुस्तक असेल तर तिची जाहिरात दरवर्षी पाहत जावी.

करारनामा चार पानांचा होता. त्यावर सही करण्याआधी मी एका वकील आतेभावाला तो दाखवला आणि त्याने तीन प्रश्न विचारायला लावले. मानधन छापील किमतीवर आहे की विक्रीतून प्रत्यक्ष हाती येणाऱ्या रकमेवर? ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि भाषांतर यांचे हक्क कोणाकडे? पुस्तकाच्या प्रती संपल्यावर किती काळात पुनर्मुद्रण झाले नाही तर हक्क लेखकाकडे परत येतात? छापील किमतीवर दहा टक्के, भाषांतराचे हक्क माझ्याकडे आणि तीन वर्षांची मुदत, असे ठरले. हे विचारताना फार संकोच वाटला होता. प्रकाशकांना तो प्रश्न रोजचाच होता. स्वामित्वहक्काची नोंदणी सक्तीची नाही, कारण लेखन झाल्याक्षणी हक्क लेखकाचाच असतो. तरी ५०० रुपये शुल्क भरून मी ऑनलाइन अर्ज केला. अर्ज केल्यावर कोणाची हरकत येते का हे पाहण्यासाठी ३० दिवस थांबावेच लागते, तेव्हा घाई करून उपयोग नाही.

संपादनाला चार महिने लागले आणि ते सुखाचे गेले. चित्रांचे प्रकरण मात्र लांबले. बारा चित्रांचे १८,००० रुपये ठरले, त्यातला निम्मा भाग मी उचलला. चित्रकाराने पाठवलेल्या पहिल्या रेखाटनात धोंडाचे गाल गुबगुबीत होते, केसांत गजरा होता आणि चेहऱ्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनातले हसू होते. मद्रास इलाख्यातल्या त्याच दुष्काळाची विलोबी हूपर याने काढलेली छायाचित्रे मी पाहिलेली होती. ती चित्रकाराला दाखवावीत की नाही, यावर दोन दिवस विचार केला आणि दाखवली. ती पुस्तकात घ्यायची नाहीत, हे दोघांनाही न बोलता कळले. पुढची रेखाटने आली तेव्हा गजरा गेला होता, आणि धोंडा बहुतेक चित्रांत पाठमोरी किंवा हातांपुरती दिसत होती: दोऱ्याला गाठ मारणारी बोटे, खडीच्या ढिगामागचे डोके. मुखपृष्ठावर विक्रीच्या दृष्टीने हातात काहीतरी शस्त्र असावे, असा एक विचार निघाला होता. हातोडा दिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये अक्षरजुळणी सुरू झाली. माझे हस्तलिखित युनिकोडमध्ये होते आणि जुळणी दुसऱ्या फॉन्टप्रणालीत व्हायची होती. रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘दोऱ्यावर’ अशा शब्दांतला ऱ्य मोडून तिथे ‘दुसर्या’, ‘दोर्यावर’ असे झाले. आणि माझी सगळी कथा दोऱ्यावरच्या गाठींची! असे १४० शब्द मी हाताने शोधून दुरुस्त केले. पहिले मुद्रित (प्रूफ) तपासताना गोष्ट वाचू नये, शब्द वाचावेत, आणि शक्यतो शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे यावे, हे बाईंनी शिकवले. तीन मुद्रिते झाली, तरी दोन चुका राहिल्याच. आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाची, मला उगाच धास्ती होती. तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि माझ्या बाबतीत प्रकाशकांनीच तो घेतला. प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर घातलेले आहे. स्वतःच पुस्तक काढणाऱ्यांना हे बहुधा कोणी सांगत नाही.

पुस्तक हजार प्रतींचे निघाले, किंमत २२० रुपये. प्रकाशन समारंभ केला नाही. पहिल्या पाच प्रती हाती आल्या त्या दिवशी बँकेत तिमाहीअखेरची धावपळ होती आणि खोके रात्री दहाला उघडले. ३१ मार्च २०२५ पर्यंत ३१८ प्रती विकल्या गेल्या आणि ६,९९६ रुपये मानधन जमा झाले. छायाप्रती व छपाई ४,३००, प्रवास ७,८००, जुनी पुस्तके ५,२००, चित्रांचा वाटा ९,००० आणि नोंदणीचे ५०० मिळून माझा खर्च २६,८०० रुपये झाला होता. हे आकडे देताना मला तक्रार करायची नाही; पण पगाराची नोकरी सोडून या कामाला लागण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने ते वाचलेले असावेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकाशकांमार्फत एका वाचकाचे पत्र आले. पंचांगाचा अभ्यास हा त्यांचा निवृत्तीनंतरचा छंद आहे. माझ्या अकराव्या प्रकरणात १५ जानेवारी १८७७ च्या रात्री, कामावर जायचे नाही असे ठरल्यानंतर, धोंडा आणि ती म्हातारी टिपूर चांदण्यात बसून सगळ्या बायकांच्या दोऱ्यांवरच्या गाठी मोजतात. पत्रात लिहिले होते की त्या रात्री अमावास्या नुकतीच उलटली होती, तेव्हा चांदणे असणे शक्य नाही. वहीच्या उजव्या पानावर मी मजुरीचे दर, धान्याचा भाव, रेल्वेचे काम, सगळे लिहिले होते. चंद्र लिहायचा राहिला होता. त्या प्रकरणाची दुरुस्ती मी दुसऱ्या आवृत्तीसाठी करून ठेवली आहे. आता दोघी अंधारात बसतात, आणि गाठी बोटांनी चाचपून मोजतात.